सील-पॉटमध्ये नेमकं काय भरायचं?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पंपाचा शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथली गळती रोखणाऱ्या डबल मेकॅनिकल सीलबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर आहे: दोन सीलच्या मधल्या जागेत सील-पॉट नावाच्या छोट्या टाकीतून जो बॅरिअर द्रव फिरतो, तो कोणता घ्यायचा? एक खुलासा आधीच करतो. खालच्या उत्तरांत ‘सील-फेस’ म्हणजे एकमेकांवर घासणारे कडक आणि कार्बनचे पृष्ठभाग, आणि नुसता ‘फेस’ म्हणजे साबणाला येतो तो. मराठीत हा घोळ टळत नाही.

प्रश्न: सॉल्व्हेंटच्या पंपावरचं सिंगल सील काढून डबल सील लावलं. स्टोअरमध्ये ६८ नंबरचं हायड्रॉलिक ऑइल भरपूर पडून आहे. पॉटमध्ये तेच भरलं तर काय बिघडेल?

उत्तर: पहिले काही आठवडे काहीच बिघडलेलं दिसणार नाही. मग एके दिवशी पंप सुरू करताना सील गळेल आणि दोष सीलच्या माथी जाईल.

६८ नंबर म्हणजे ४० अंश सेल्सिअसला ६८ सेंटिस्टोक जाडी. तेच ऑइल १५ अंशांच्या थंड सकाळी अडीचशे सेंटिस्टोकच्या पुढे जातं. सील-फेसमधली फट असते जेमतेम एखाद-दुसऱ्या मायक्रॉनची. त्या फटीत इतकं जाड ऑइल घुसळलं गेलं की जागच्या जागी उष्णता तयार होते. कार्बन सच्छिद्र असतो, त्याच्या छिद्रांत ऑइल मुरलेलं असतं. ते तापून फुगतं, पण तितक्या वेगानं बाहेर पडू शकत नाही, आणि वरचा कार्बनचा पापुद्रा उचलतं. पापुद्रा निघून गेला की सील-फेसवर देवीच्या व्रणांसारखे खळगे राहतात. यालाच ब्लिस्टरिंग म्हणतात. जो पंप दिवसातून चार-पाच वेळा बंद-चालू होतो, त्याच्यावर हे हमखास दिसतं. अँटिमनी भरलेला कार्बन रेझिनवाल्या कार्बनपेक्षा जास्त टिकतो, पण मूळ दुखणं ऑइलच्या जाडीचंच आहे.

दुसरी गोष्ट पम्पिंग रिंगची. सीलच्या स्लीव्हवरची (शाफ्टवर चढवलेल्या नळीवरची) ही छोटी रिंग द्रव पॉटकडे ढकलते. तिची ताकद अगदी बेताची. ऑइल जाड झालं की फ्लो पडतो. हिशेब करून पाहू. दोन्ही सील मिळून दीड किलोवॉट उष्णता देतात असं धरा. पातळ ऑइल मिनिटाला ४ लिटर फिरत असेल, तर सीलमधून बाहेर येताना ते सुमारे १२ अंशांनी तापलेलं असेल. जाडीमुळे फ्लो २ लिटरवर आला, तर हीच वाढ २५ अंशांच्या आसपास जाते. पंपांच्या सीलसाठीच्या एपीआय ६८२ या मानकात मिनरल ऑइलसाठी ही वाढ जास्तीत जास्त १६ अंश आणि पाणी-ग्लायकॉल किंवा डिझेलसारख्या द्रवांसाठी ८ अंश मानली आहे. म्हणजे पंप तोच, सील तेच. केवळ जाडीमुळे तुम्ही हद्दीबाहेर गेलात.

तिसरी गोष्ट, हायड्रॉलिक ऑइलमधली झीजरोधक रसायनं. ती बहुधा जस्ताची संयुगं असतात आणि गिअर किंवा व्हेन पंपासाठी उत्तम काम करतात. सील-फेसजवळच्या उष्णतेत मात्र ती विघटित होऊन चिकट थर सोडतात. तो थर सरकत्या ओ-रिंगच्या मागे साचला की ओ-रिंग स्लीव्हवर अडकते, आणि सील-फेस झिजला तरी स्प्रिंग त्याला पुढे ढकलू शकत नाही.

मग घ्यायचं काय? मानकात हायड्रोकार्बन द्रवासाठी ३८ अंशांना १०० सेंटिस्टोकपेक्षा कमी आणि १०० अंशांना १ ते १० सेंटिस्टोक, अशी ऐसपैस चौकट आहे. ६८ नंबर त्यात कसाबसा बसतोही. पण चौकटीत बसला म्हणजे योग्य झाला, असं नाही. पॉटमधलं ऑइल ६० अंशांना चालत असेल, तर त्या तापमानाला १० नंबरची जाडी साधारण ६, १५ नंबरची ८, ३२ नंबरची १६ आणि ६८ नंबरची ३० सेंटिस्टोकच्या जवळपास असते. चालू तापमानाला १० च्या आत राहील असंच ऑइल आम्ही सुचवू: म्हणजे १० किंवा १५ नंबर, सिंथेटिक पीएओ (पॉलीअल्फाओलेफिन) जातीचं किंवा चांगलं रिफाइन केलेलं, कमीत कमी रसायनं घातलेलं. बॅरिअरसाठी म्हणून वेगळी ऑइल मिळतात, ती याच धर्तीची असतात. १० अंशांखालच्या थंडीत चालणाऱ्या पंपासाठी मानकाची चौकटही अरुंद होते: ३८ अंशांना ५ ते ४० सेंटिस्टोक.

डेटाशीटवर आणखी दोन आकडे बघा. उकळायला सुरुवात होते ते तापमान, द्रव जिथे सर्वात तापतो त्यापेक्षा किमान २८ अंशांनी वर हवं. आणि द्रवाला हवा लागण्याची शक्यता असेल, तर फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला द्रवाची वाफ पेट घेऊ शकते तो) चालू तापमानाच्या वर हवा. रॉकेल किंवा डिझेल ‘पातळ आहे’ म्हणून पॉटमध्ये ओतणारे इथेच फसतात.

प्रश्न: बॅरिअरचं प्रेशर पंपाच्या डिस्चार्जपेक्षा जास्त ठेवायचं का?

उत्तर: डिस्चार्जशी तुलना करू नका. सील ज्या पोकळीत बसलंय त्या सील चेंबरच्या प्रेशरपेक्षा ते जास्त हवं. किमान १.४ बार, आणि व्यवहारात दीड ते दोन बार वर. चेंबरचं प्रेशर सक्शन आणि डिस्चार्जच्या मध्ये कुठेतरी असतं. इम्पेलरला बॅलन्स होल आहेत की नाहीत, मागच्या बाजूची वेअर रिंग किती झिजलीय, यावर ते ठरतं. अंदाज बांधण्यापेक्षा चेंबरच्या फ्लश कनेक्शनवर गेज लावून पंप चालू असताना मोजा, आणि सक्शन टाकी पूर्ण भरलेली असताना पुन्हा एकदा मोजा. दोन्हींतला मोठा आकडा धरा.

गरजेपेक्षा जास्त प्रेशर दिल्यानं सील ‘जास्त सुरक्षित’ होत नाही. आतलं सील जास्त तापतं, आणि पॉटवर थेट नायट्रोजन दिलेला असेल (मानकातल्या जोडणीच्या आराखड्यांपैकी प्लॅन ५३ए) तर तो द्रवात जास्त विरघळतो. प्रेशर दुप्पट तर विरघळलेला वायूही दुप्पट, आणि ऑइलमध्ये तो पाण्यापेक्षा कितीतरी जास्त मावतो. हा द्रव बाहेरच्या सील-फेसमधून वातावरणाच्या प्रेशरकडे सरकताना सोड्याची बाटली उघडल्यासारखा वायू सुटतो आणि सील-फेस मधूनच कोरडे पडतात. म्हणून १० बारच्या वर ५३ए ऐवजी ५३बी घ्यावा. त्यात नायट्रोजन रबरी ब्लॅडरमध्ये असतो, द्रवाला लागतच नाही. एक मेख मात्र लक्षात ठेवा: ब्लॅडरमधला वायू दुपारच्या उन्हात आणि पहाटेच्या गारव्यात वेगवेगळं प्रेशर दाखवतो. गेजचा आकडा तापमानासोबत लिहिला नाही, तर गळती आहे की नुसता गारवा, हे कळणार नाही.

तुमचा पॉट फ्लेअर (वायू जाळायची चिमणी) किंवा व्हेंटला उघडा असेल, तर तो प्लॅन ५२ आहे. त्यातल्या द्रवाला बफर म्हणतात, आणि त्याचं प्रेशर पंपापेक्षा कमीच असतं. तिथे आतलं सील गळलं तर पंपातला माल पॉटमध्ये येतो.

प्रश्न: ग्लायकॉल-पाण्याच्या जागी गाडीच्या रेडिएटरचं कूलंट वापरलं तर? त्यातही ग्लायकॉलच असतं ना?

उत्तर: असतं, पण वापरू नका. रेडिएटरच्या धातूंना गंज लागू नये म्हणून त्यात जी रसायनं घातलेली असतात, ती सील-फेसवर थर धरतात आणि जेलीसारखा गोळा बनवतात. मानकातही हे साफ वर्ज्य केलं आहे. साधं औद्योगिक ग्लायकॉल आणि डीएम (क्षार काढलेलं) किंवा आरओ पाणी आणा आणि स्वतः मिसळा. बोअरचं जड पाणी घेतलं तर क्षार सील-फेसच्या बाहेरच्या कडेला पांढऱ्या वळ्यासारखे साचतात.

प्रमाणाबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो: ग्लायकॉल जितकं जास्त तितकं चांगलं. एथिलीन ग्लायकॉल आकारमानानं ३० टक्के असेल तर मिश्रण सुमारे उणे १५ अंशांना गोठतं, ४० टक्क्यांना उणे २४, ५० टक्क्यांना उणे ३७. आणि शुद्ध ग्लायकॉल? उणे १३! शिवाय ते जाड असतं आणि उष्णताही कमी वाहून नेतं. थंडीचा प्रश्नच नसेल, तर ३० ते ४० टक्क्यांवर थांबा. तेवढ्यानं नुसत्या पाण्यापेक्षा वंगण चांगलं मिळतं, आणि पाण्याचा उष्णता वाहण्याचा गुणही बराचसा शिल्लक राहतो. उष्णतेच्या बाबतीत हे मिश्रण ऑइलच्या पुढे आहे. वरच्याच उदाहरणात ४ लिटर फ्लोला ऑइल १२ अंश तापलं, तिथे निम्मं ग्लायकॉल असलेलं मिश्रण सहाच अंश तापतं.

चालू पॉटमधलं पाणी हळूहळू उडून जातं आणि ग्लायकॉल मागे राहतं. म्हणून टॉप-अप नेहमी मिश्रणानंच करायचं हा नियम डोळे मिटून पाळू नका. आधी रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब टाकून टक्केवारी बघा, मग पाणी घालायचं की मिश्रण ते ठरवा.

प्रश्न: ग्लायकॉल काढून सिंथेटिक ऑइल भरलं. पंधरा दिवसांत सील जाम झालं. उघडलं तर ओ-रिंग फुगून खाचेबाहेर आलेल्या. ऑइल खराब होतं का?

उत्तर: ऑइल निर्दोष असणार. तुमच्या ओ-रिंग ईपीडीएम रबराच्या होत्या, अशी आमची जवळपास खात्री आहे. ईपीडीएम पाणी, ग्लायकॉल आणि गरम पाण्याला उत्तम. पण पेट्रोलियम किंवा पीएओ ऑइलमध्ये ते भिजवलेल्या चण्यासारखं फुगतं. उलट बाजूनं, साधं एफकेएम रबर ऑइलला छान, पण वाफ, गरम पाणी आणि अमाइनसमोर हार खातं. द्रव बदलणं म्हणजे रबर बदलणं. सीलच्या ड्रॉइंगवरचा मटेरियल कोड बघितल्याशिवाय पॉटचा ड्रेन उघडू नका, आणि सीलबरोबर पॉटची गॅस्केट, लेव्हल गेजची वॉशर, ब्लॅडर हेही तपासा. ते नेहमी विसरलं जातं.

बदल करताना जुना द्रव पॉट, कूलिंग कॉइलभोवतीचा तळ आणि दोन्ही नळ्यांतून काढा. नळ्या पॉटपासून सोडवून खाली वाकवल्याशिवाय शेवटचा अर्धा लिटर निघत नाही. ग्लायकॉलवरून ऑइलवर जाताना पाण्यानं धुऊन, कोरडा नायट्रोजन फुंकून वाळवा. मग नव्या ऑइलनं एकदा भरून, शाफ्ट हातानं फिरवून ते ऑइल टाकून द्या आणि दुसऱ्यांदा ताजं भरा. पहिली भर वाचवायला गेलात तर पॉटच्या तळाशी दुधाळ थर दिसेल.

प्रश्न: बॅरिअर द्रव पंपातल्या मालात जातो असं सीलवाले सांगतात. मग कोणत्या मालाला कोणता द्रव चालत नाही?

उत्तर: खरं तर निवडीची सुरुवात इथूनच व्हायला हवी. बॅरिअरचं प्रेशर जास्त असल्यानं सील ठणठणीत असलं तरी तासाला काही मिलिलिटर द्रव आत जाणारच. आतलं सील फुटलं तर अख्खा पॉट जाईल. म्हणून प्रॉडक्शनला दोन प्रश्न लेखी विचारा: रोज शंभर मिलिलिटर गेलं तर मालाचं काय होईल, आणि एकदम १२ लिटर गेलं तर काय होईल?

आयसोसायनेट (टीडीआय, एमडीआय) असेल तर पाणी आणि ग्लायकॉल दोन्ही वर्ज्य. पाण्याशी कार्बन डायऑक्साइड आणि कडक युरिया जातीचा घन पदार्थ तयार होतो, ग्लायकॉलशी युरेथेन. दोन्ही सील-फेसवरच जमतात. तिथे प्लॅस्टिसायझर जातीचा कोरडा द्रव आणि पॉटवर कोरडा नायट्रोजन हवा. तीव्र सल्फ्युरिक आम्लात पाणी गेलं तर उष्णता उसळते, आणि सौम्य झालेलं आम्ल साध्या पोलादाला जास्त खातं. क्लोरीन, तीव्र नायट्रिक आम्ल, हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्याजवळ हायड्रोकार्बन ऑइल किंवा ग्लायकॉल आणणं म्हणजे आगीशी किंवा स्फोटाशी खेळ. पेरॉक्साइडला अतिशय स्वच्छ डीएम पाणी, क्लोरीनला पूर्ण फ्लुओरिनेटेड पीएफपीई द्रव. उत्प्रेरक वापरणाऱ्या प्रक्रियेत मिनरल ऑइलमधलं गंधक उत्प्रेरकाला विष ठरू शकतं. तिथे पीएओ किंवा पांढरं (अतिशय शुद्ध केलेलं) ऑइल घ्या.

खाद्यपदार्थ आणि औषधांसाठी एथिलीन ग्लायकॉल नको, ते विषारी आहे. प्रॉपिलीन ग्लायकॉल-पाणी किंवा एनएसएफच्या एच१ यादीतलं (अन्नाला चुकून लागलं तरी चालणारं) पांढरं ऑइल वापरतात. प्रॉपिलीन ग्लायकॉल त्याच प्रमाणात जास्त जाड असतं, हे फ्लो ठरवताना धरा.

सिलिकॉन ऑइलबद्दलही विचारणा आहे. तापमान बदललं तरी त्याची जाडी फारशी बदलत नाही, हे खरं. पण सील-फेसमध्ये त्याचं वंगण कच्चं पडतं, आणि फार तापलं तर त्यातून सिलिकासारखी खरखरीत पूड होते. आम्ही ते टाळू.

प्रश्न: पॉटमध्ये दर आठवड्याला दोन लिटर टॉप-अप करावं लागतं. सील बदलायचं का?

उत्तर: आठवड्याचे १६८ तास, दोन लिटर म्हणजे तासाला १२ मिलिलिटर. जास्त आहे. पण सील काढायची घाई नको.

आधी मोजमाप बरोबर आहे ना ते बघा. १२ लिटर ऑइल ३० अंशांनी थंड झालं तर सुमारे पाव लिटर आकसतं. एकानं दुपारी चालू पंपावर लेव्हल वाचली आणि दुसऱ्यानं पहाटे बंद पंपावर, तर पाव लिटरची ‘गळती’ कागदावरच होते. लेव्हल नेहमी एकाच वेळी, पंप चालू असताना वाचा.

मग प्रत्येक फिटिंग फडक्यानं कोरडं करून त्याच्याभोवती टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळा. तासाभरात डाग पडला तो सांधा गळतोय. तिथे काही नसेल तर ग्लँड प्लेटच्या (सील पंपाला धरून ठेवणाऱ्या चकतीच्या) ड्रेन पोर्टखाली मापाचं भांडं आठ तास ठेवा. त्यात ८० मिलिलिटर जमलं, तर बाहेरचं सील तासाला दहा मिलिलिटर देतंय आणि दोषी तेच. भांडं जवळपास कोरडं राहिलं तर द्रव मालात जातोय, म्हणजे आतलं सील. पाणी-ग्लायकॉल असेल तर पाणी उडून जातं, म्हणून भांड्याबरोबर ग्लँडच्या कडेवरचा चिकट थरही बघा.

लेव्हल घटत नाही, पण प्रेशर घटतंय: नायट्रोजन निसटतोय. रेग्युलेटर, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि पॉटच्या वरचे सांधे साबणाच्या पाण्यानं तपासा. दाबाखालच्या पॉटमध्ये लेव्हल वाढतेय: कूलिंग कॉइल फुटून थंड पाणी आत येतंय, किंवा बॅरिअरचं प्रेशर चेंबरच्या खाली गेलंय. दोन्हींत पंप थांबवा.

प्रश्न: नवीन भरलेलं ऑइल दोन महिन्यांत काळं झालं. सील खराब होतंय?

उत्तर: काळं होण्याची दोन कारणं. थोडं ऑइल पांढऱ्या फिल्टर पेपरवर टाका. मधोमध बारीक काळे कण उरले तर ती कार्बनची झीज. सुरुवातीला थोडी झीज चालते, पण वाढत गेली तर सील-फेस कोरडे पडतायत. डाग एकसारखा तपकिरी पसरला आणि जळका, आंबूस वास आला, तर ऑइल ऑक्सिडाइझ झालंय. तापमान दर १० अंशांनी वाढलं की ऑक्सिडेशनचा वेग दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. कॉइलमधून थंड पाणी खरंच वाहतंय का, कॉइलमध्ये शेवाळ आहे का, आणि पॉटवर नायट्रोजनऐवजी कुणी प्लँटची हवा तर जोडली नाही ना, हे याच क्रमानं बघा. हवा जोडलेली असणं हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा सापडतं.

प्रश्न: पॉट भरताना हवा राहू नये म्हणून काय करावं? आमच्याकडे नवीन सील पहिल्याच दिवशी तापतं.

उत्तर: पहिल्या दिवशी तापणारं सील बहुधा हवेतच फिरत असतं. सीलपासून पॉटपर्यंत जाताना दोन्ही नळ्या सतत चढत्या हव्यात, साधारण दर २४० मिलिमीटरला १० मिलिमीटर. मध्ये कुठे उंटाच्या पाठीसारखा उंचवटा असेल तर हवा तिथेच अडते आणि फ्लो बंद. काटकोनी एल्बोऐवजी नळी मोठ्या वळणानं वाकवा. गरम द्रव परत आणणारी नळी ग्लँडच्या सर्वात वरच्या पोर्टला जोडा. ती पॉटमध्ये द्रवाच्या पातळीखाली उघडली पाहिजे, वरून पडली तर फेस होतो.

१० मायक्रॉन फिल्टरमधून गाळलेला द्रव हातपंपानं सर्वात खालच्या जागेतून वर चढवा. वरचा व्हेंट उघडा ठेवा. व्हेंटमधून अखंड धार आली की थांबा, शाफ्ट हातानं दहा-बारा फेरे फिरवा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा व्हेंट करा. लेव्हल गेजच्या काचेत बारीक बुडबुड्यांची रांग वर येताना दिसेल. ती पूर्ण थांबेपर्यंत हे पुन्हा करा. मग बॅरिअरचं प्रेशर द्या, आणि त्यानंतरच पंपाचा सक्शन व्हॉल्व्ह उघडा. बंद करताना क्रम उलटा: आधी पंप थांबवून आतलं प्रेशर काढा, बॅरिअरचं सर्वात शेवटी, आणि हळूहळू. झटक्यात सोडलं तर द्रवात विरघळलेला नायट्रोजन एकदम सुटतो, पॉट फेसानं भरतो आणि ओ-रिंगच्या पोटात चिरा पडतात.

पंप सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी दोन्ही नळ्यांचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरनं मोजा. परतीची नळी जाणाऱ्या नळीपेक्षा काही अंशांनी गरम हवी. दोन्ही सारख्याच गार आणि ग्लँड मात्र तापलेली असेल, तर द्रव फिरतच नाहीये: हवा अडकलीय, किंवा पम्पिंग रिंग उलट्या दिशेची बसलीय. लगेच थांबवा.